इरविकुळम : राखलेल्या डोंगराची पन्नास वर्षे

केरळ सरकारने ३१ मार्च १९७५ रोजी इरविकुळम-राजमला हे अभयारण्य घोषित केले. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि ते केरळचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. सरकारी दप्तरातला इतिहास इथून सुरू होतो. त्या हिशेबाने उद्यानाची पन्नाशी झाली, आणि स्मरणिकेतला हा लेख त्या निमित्ताने लिहिला आहे. परंतु इरविकुळमची हकीकत १९७५ पासून सांगायला घेतली तर निम्मी बाहेरच राहील. कायद्याने हे रान ताब्यात घेतले तेव्हा ते आयते राखलेले मिळाले होते. ते कोणी राखले, कशासाठी राखले आणि राखणीचे श्रेय कोणाच्या नावावर जमा झाले, हे नीट मांडावे एवढाच या लेखाचा हेतू.

आधी जागेविषयी. इडुक्की जिल्ह्यातल्या देवीकुलम तालुक्यात, मुन्नार गावाच्या उत्तरेला हे उद्यान पसरले आहे. क्षेत्रफळ ९७ चौरस किलोमीटर, म्हणजे राष्ट्रीय उद्यान म्हणून फार मोठे नव्हे. पण उंची पाहा. मधले पठारच समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटरवर आहे आणि दक्षिणेच्या बाजूला आनमुडीचे शिखर २६९५ मीटरपर्यंत जाते. दक्षिण भारतात याहून उंच शिखर नाही. आपल्या कळसूबाईहून ते हजार मीटरपेक्षाही जास्त उंच. डोंगररांग मात्र आपलीच, सह्याद्रीचीच. फक्त दगड वेगळा. आपल्याकडे लाव्हाच्या थरांनी पायऱ्यापायऱ्यांचे कडे आणि सपाट माथे घडवले. तिकडे जुनाट ग्रॅनाइट आणि नाइस आहे, त्यामुळे डोंगरांना गोलाई आली आहे. लांबवर गवताळ उतार दिसतात आणि मध्येच उघडी पडलेली काळसर कातळाची भिंत सरळ खाली उतरते.

विषुववृत्तापासून अवघ्या दहा अंशांवरचा हा प्रदेश. खाली कोचीला घामाच्या धारा लागलेल्या असताना वर जानेवारीच्या पहाटे गवतावर हिमकण असतात. या थंडीनेच इथले रान घडवले. उंच गवताळ माळ आणि त्यांच्या घळींत दाटीने वाढलेली बुटकी, शेवाळलेली झाडी, अशी इथली रचना. या झाडीला तमिळ-मलयाळम मुलखात शोला म्हणतात. झाडे आपल्या सदाहरित जंगलातल्यासारखी उंच जात नाहीत. वाऱ्याने माथे छाटल्यासारखे एका पातळीत राहतात. फांद्यांवर आमरींचे आणि नेच्यांचे थर, काठावर लाल फुलांचे ऱ्होडोडेंड्रॉन. शोला संपते तिथे ती एका रेषेत संपते आणि गवत सुरू होते. उघड्यावर उगवलेली झाडांची रोपे हिमकणांनी आणि वणव्यांनी टिकत नाहीत, म्हणून माळ माळच राहतो, असे अभ्यासक सांगतात.

गवत आणि शोला मिळून पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि ते वर्षभर थोडेथोडे सोडतात. इथून पश्चिमेला निघालेले ओढे पेरियार आणि चालकुडी या नद्यांना मिळतात; पूर्वेला उतरलेले पाणी पांबारमार्गे तमिळनाडूत अमरावतीला आणि पुढे कावेरीला जाते. इंग्रजी अमलात अशा गवताळ माथ्यांना पडीक जमीन समजत. आजूबाजूच्या डोंगरांवर त्या समजुतीने काय झाले ते मुन्नारच्या कोणत्याही रस्त्यावरून दिसते. उतार चहाखाली गेले, आणि चहाच्या कारखान्यांना जळण हवे म्हणून उरलेल्या जागी निलगिरीची झाडे आली. निलगिरीच्या आणि ऑस्ट्रेलियन वॉटलच्या लागवडीखाली माळ हरवतो, ओढे आटतात, आणि गवतावर जगणाऱ्या जनावरांना जागा उरत नाही. इरविकुळम त्यातून वाचले, याचे पहिले कारण त्याची उंची आणि थंडी. चहाला तिथे धड वाढता आले नसते.

या माळावर जगणारे मुख्य जनावर म्हणजे निलगिरी ताहर. स्थानिक नाव वरयाडू. दक्षिण भारतात कड्यांवर राहणारा हा एकमेव खूरधारी प्राणी. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागाबाहेर तो जगात कुठेही रानात आढळत नाही. १८३८ मध्ये ऑगिल्बीने त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षे तो हिमालयातल्या ताहरचा भाऊबंद मानला गेला. २००५ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसले की त्याचे जवळचे नाते मेंढ्यांशी आहे. तेव्हा त्याला स्वतंत्र प्रजाती मिळाली, निलगिरिट्रॅगस. पूर्ण वाढलेल्या नराचा रंग गडद तपकिरी होतो आणि पाठीवर खोगीर घातल्यासारखा फिकट पट्टा उमटतो. दिवसभर माळावर चरायचे आणि धोका दिसताच कड्याकडे पळायचे, ही त्याची रीत. म्हणून त्याला गवत आणि कडा दोन्ही शेजारी लागतात, आणि ती जोडी इरविकुळमला मुबलक आहे. एप्रिल २०२५ मध्ये केरळ आणि तमिळनाडूने एकाच वेळी केलेल्या गणनेत दोन्ही राज्यांत मिळून अडीच हजारांहून अधिक ताहर मोजले गेले. त्यांपैकी आठशेहून अधिक एकट्या इरविकुळममध्ये होते. साऱ्या जगातल्या ताहरांपैकी सुमारे एक तृतीयांश या ९७ चौरस किलोमीटरवर विसंबून आहेत.

ताहरमुळे बाकीच्यांकडे दुर्लक्ष होते, ते होऊ नये. निलगिरी मार्टेन हा पिवळ्या गळ्याचा चपळ शिकारी इथे आहे. काळा-नारिंगी माशीमार, निलगिरी चरचरी, निलगिरी रानपारवा हे फक्त या घाटाचे पक्षी इथे आहेत. आनमुडीच्या माथ्यावरच्या एका बेडकाचे वर्णन २०१० मध्ये डॉ. एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. शेंदरी रंगाचा, अंगभर उंचवटे असलेला हा छोटा बेडूक त्या माथ्याजवळच्या अगदी थोड्या क्षेत्रात सापडला. देशातल्या इतक्या ओळखीच्या शिखरावर एकविसाव्या शतकापर्यंत एक प्राणी शास्त्राला अनोळखी राहू शकतो. तिथे माणसांची वर्दळ असती तर तो सापडेपर्यंत टिकला असता का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

याच माळावर फुलणाऱ्या नीलकुरिंजीविषयी मराठी वाचकांना फार सांगायला नको, कारण तिची बहीण आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. आपली कारवी सात-आठ वर्षांनी फुलते. नीलकुरिंजी बारा वर्षांनी. दोन्ही एकाच स्ट्रोबिलँथस प्रजातीतल्या. झुडूप एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. पुढची पिढी त्याच बियांतून उठते. १९८२, १९९४, २००६ आणि २०१८ ही अलीकडच्या बहराची वर्षे. पुढचा बहर २०३० मध्ये अपेक्षित आहे. २०१८ च्या बहरावर केरळच्या महापुराचे सावट आले, मुन्नारचे रस्ते तुटले आणि ऑगस्टमध्ये पर्यटक पोहोचूच शकले नाहीत.

आता इतिहास. या डोंगरांत कितीतरी पिढ्यांपासून मुथुवान आदिवासी राहतात. आपले पूर्वज मदुरैहून डोंगर चढून आले, अशी त्यांची परंपरा सांगते. वेलची, नाचणी, मध, रानातल्या वाटा आणि जनावरांच्या सवयी ही त्यांची विद्या. इंग्रज या भागात आले तेव्हा वाटाडे म्हणून त्यांना मुथुवानच मिळाले. जनरल डग्लस हॅमिल्टनने १८६२ मध्ये आनमुडीचा माथा गाठला, असे इतिहासात लिहिलेले असते. १८७७ मध्ये जॉन डॅनियल मन्रो या इंग्रजाने पूंजारच्या राजाकडून कण्णन देवन डोंगरांचा प्रचंड पट्टा भाडेपट्ट्याने घेतला. १८७९ मध्ये मळेवाल्यांची नॉर्थ त्रावणकोर लँड प्लँटिंग अँड अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटी स्थापन झाली. कॉफी, सिंकोना, सिसल असे प्रयोग करत शेवटी ते चहावर स्थिरावले, आणि १८९७ मध्ये कण्णन देवन हिल्स प्रोड्यूस कंपनी उभी राहिली.

खालच्या उतारांवर चहा, आणि वर इरविकुळमचे पठार. मळेवाल्यांना ते पठार शिकारीसाठी हवे होते. १८९५ मध्ये सोसायटीने तो भाग शिकारीचे राखीव रान म्हणून बाजूला काढला. १९२८ मध्ये हाय रेंज गेम प्रिझर्वेशन असोसिएशन ही संस्था निघाली आणि १९७१ पर्यंत या रानाचा कारभार तिच्याकडे राहिला. संस्थेने शिकारीवर मर्यादा घातल्या, चोरट्या शिकाऱ्यांना अटकाव केला, ओढ्यांत परदेशी ट्राउट मासे सोडले, पठारावर मुक्कामाची झोपडी उभारली.

हे सारे त्यांनी कोणासाठी केले? स्वतःच्या बंदुकीसाठी आणि स्वतःच्या गळासाठी, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही त्यांनी एक नियम घालून घेतला आणि तो तीन पिढ्या पाळला, हेही तितकेच खरे. शेजारच्या कितीतरी डोंगरांवर तसा नियम नव्हता आणि तिथले ताहर संपले. म्हणून मळेवाल्यांच्या पदरात त्यांचे माप टाकावेच लागते.

मात्र संपूर्ण माप त्यांच्या पदरात टाकणे अन्यायाचे आहे. चहाच्या हिशेबात गुंतलेला साहेब वर्षातून मोजके दिवस पठारावर येई. उरलेले दिवस, विशेषतः पावसाळ्यातले, तिथे कोण असे? असोसिएशनने नेमलेले पहारेकरी मुथुवान होते. धुक्यात वाट न चुकणारे, कोणता कळप कोणत्या कड्याला आहे हे ठाऊक असलेले, आणि गवत कधी आणि किती जाळायचे हे जाणणारे तेच होते. हिवाळ्याच्या अखेरीस माळाचे ठरावीक तुकडे आळीपाळीने, ताब्यात ठेवून जाळले जात. त्यामुळे उन्हाळ्यात मोठा वणवा शोलांपर्यंत पोहोचत नसे आणि जळलेल्या जागी कोवळे गवत येऊन ताहरांना चारा मिळे. आज शास्त्रीय व्यवस्थापनाच्या आराखड्यांत जे लिहिलेले असते, त्याचा मोठा भाग या माणसांच्या रोजच्या कामात आधीच होता. आणि नकाशा उघडावा तर त्यावर साहेबांची नावे : हॅमिल्टनचे पठार आहे, टर्नरची दरी आहे. पहारेकऱ्यांपैकी कोणाच्या नावाचा एक ओढाही नाही.

१९२४ च्या जुलैमधल्या महापुराने मुन्नार धुऊन नेले. कुंडला खोऱ्यातली मळ्यांची छोटी रेल्वे त्यात गेली ती पुन्हा बांधली गेलीच नाही. वरच्या पठाराला त्या पुराची झळ गावाइतकी लागली नाही, आणि पुढची चार दशके तिथे फारसे काही बदलले नाही.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न जमिनीचा आला. केरळात जमीनसुधारणांचे वारे होते. १९७१ च्या कायद्याने सरकारने कण्णन देवन कंपनीकडच्या सुमारे १ लाख ३७ हजार एकर जमिनीचा ताबा घेतला. चहा आणि त्याला लागणारी मिळून सुमारे ५७ हजार एकर कंपनीकडे राहू दिली. बाकीची शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना वाटण्याचा कायद्याचा उद्देश होता. उद्देश न्याय्य होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र त्या हिशेबात इरविकुळमचे पठारही वाटपाच्या जमिनीत धरले गेले असते. दोन हजार मीटरवरच्या हिमकणांच्या माळावर भूमिहीनाचे पोट भरले नसते आणि माळही राहिला नसता.

तोवर ताहरविषयी बोलणारे आवाज वाढले होते, आणि त्यात मुंबईचा वाटा आहे. प्रख्यात प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी निलगिरी ताहरवरची आपली निरीक्षणे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९७० मध्ये प्रसिद्ध केली. ई. आर. सी. डेव्हिडार यांनी ताहर कुठे आणि किती उरले आहेत याचा १९७५ ते १९७८ दरम्यान घेतलेला आढावाही पुढे त्याच नियतकालिकात आला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा हाताशी होताच. १९७५ ची घोषणा झाली ती अशा पार्श्वभूमीवर. राष्ट्रीय उद्यान झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत क्लिफर्ड राइस या अमेरिकी संशोधकाने पठारावर मुक्काम करून ताहरांच्या वर्तनाचा बारकाईने अभ्यास केला. कळप त्याला इतका सरावला की तो जनावरांच्या अगदी जवळ बसून नोंदी करू शके. ताहरबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा पाया या कामात आहे.

पुढची दशके संस्था म्हणून स्थिरावण्याची. शिकार थांबली. पहारेकरी, वाटाडे आणि पर्यटकांच्या सोयीचे काम करणारे म्हणून मुथुवानांना उद्यानात काम मिळत राहिले, आणि पर्यटनाच्या उत्पन्नाचा काही भाग त्यांच्या समित्यांकडे येऊ लागला. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा यादीत आली. त्यांत आपले कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत, तसे इरविकुळमही आहे. केंद्र सरकारच्या व्यवस्थापन मूल्यमापनाचा अहवाल २०२५ मध्ये जाहीर झाला, त्यात इरविकुळम देशात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या राष्ट्रीय उद्यानांत होते.

अभिमानाच्या या नोंदींशेजारी एक दुःखाची नोंद ठेवलीच पाहिजे. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री उद्यानाच्या राजमला या पर्यटकांना खुल्या भागाजवळ, पेट्टिमुडी येथे डोंगराचा कडा सुटला आणि खाली चहाच्या मळ्यातल्या मजुरांच्या चाळी त्याखाली गाडल्या गेल्या. ७० माणसे गेली. त्यांतल्या काहींचे देहही हाती लागले नाहीत. बहुतेक पिढ्यान्‌पिढ्या मळ्यात राबणारी तमिळ कुटुंबे होती. उद्यानाच्या वेशीवर घडलेली ही घटना उद्यानाच्या इतिहासात येत नाही, कारण ती जमीन मळ्याची. डोंगर अशी हद्द ओळखत नाही. याच पेट्टिमुडीवरून पुढे इडमलक्कुडीकडे वाट जाते. इडमलक्कुडी ही २०१० मध्ये झालेली केरळची पहिली आदिवासी ग्रामपंचायत, मुथुवानांची. पर्यटकांची बस जिथे थांबते त्याच्या पलीकडे त्यांचे दळणवळण किती खडतर आहे, हे तिथे गेल्यावर कळते.

उद्यान पाहायला जाणाऱ्यांसाठी आता नेमकी माहिती. मुन्नारची सहल काढणारी मराठी मंडळी राजमला यादीत ठेवतातच, पण पुष्कळदा चुकीच्या महिन्यात. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये उद्यान पर्यटकांसाठी बंद असते. ताहरांच्या पिल्लांचा तो जन्माचा काळ. मादीला बहुधा एकच पिल्लू होते आणि कड्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत त्याचे जगणे ठरते. बंदची नेमकी तारीख पाहणीनंतर दरवर्षी जाहीर होते, साधारण एप्रिलच्या सुरुवातीला दरवाजा उघडतो. तेव्हा विमानाचे किंवा रेल्वेचे आरक्षण करण्याआधी ती तारीख पाहावी. जून-जुलैचा पाऊस जोराचा असतो, धुक्यात पाच पावलांपलीकडचे दिसत नाही. सप्टेंबर ते जानेवारी आणि एप्रिल-मे हे त्यातल्या त्यात सोयीचे. ऊन असले तरी गरम कपडे बरोबर असावेत.

उद्यानाचे प्रवेशद्वार मुन्नारहून उडुमलपेट्टच्या रस्त्यावर आहे. तिथे खासगी गाडी सोडावी लागते; वनखात्याची बस राजमलापर्यंत नेते आणि पुढे डांबरी वाटेने चालायचे. दिवसाला ठरावीक संख्येनेच लोकांना आत सोडतात, म्हणून तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवणे शहाणपणाचे. सकाळची पहिली बस धरावी. दुपारनंतर ढग उतरतात. पर्यटकांना खुला आहे तो एवढाच भाग. इरविकुळमचे मूळ पठार आणि आनमुडीचे शिखर बंद आहे, आणि ते बंद राहिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या गडकिल्ल्यांवर शनिवार-रविवारी काय होते ते आपण सारे पाहतो. राजमलाच्या कडेला ताहर माणसाला बुजत नाहीत, कधी हात लांब केला तर लागतील इतके जवळ येतात. त्यांना खाऊ घालू नये, पाठीवर हात फिरवू नये, छायाचित्रासाठी अडवू नये. प्लास्टिक आत नेता येत नाही.

दोन विनंत्या करून थांबतो. एक उद्यानाच्या कारभाऱ्यांना : राजमलाच्या माहिती केंद्रात मन्रो, हॅमिल्टन आणि टर्नर यांच्याबरोबर असोसिएशनच्या काळापासून आजवर पहारा केलेल्या मुथुवानांची नावेही लावा. ती नावे सांगणारी वृद्ध माणसे अजून वस्त्यांमध्ये आहेत तोवरच हे काम होऊ शकते. दुसरी वाचकांना : २०३० मध्ये नीलकुरिंजी फुलेल तेव्हा समाजमाध्यमांवर निळ्या डोंगरांची छायाचित्रे येतील आणि सगळ्यांनाच जावेसे वाटेल. जरूर जा. शनिवार-रविवार टाळा, तिकीट मिळाले नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहा, आणि एकही तुरा तोडू नका. त्याच तुऱ्यातल्या बियांवर २०४२ चा बहर अवलंबून आहे.